पोरगं चित्र चांगलं काढतं, पुढं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या घरी माणसं येऊ लागतात. कोणी पाथर्डीहून, कोणी श्रीगोंद्याहून, कोणी इथल्याच सावेडीतून. बरोबर मुलगा किंवा मुलगी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेली चित्रकलेची वही. चहा होईपर्यंत पावसापाण्याचं बोलणं होतं आणि मग वडील विषय काढतात, "सर, पोरगं चित्र चांगलं काढतं. कम्प्युटरचंही वेड आहे. ते ग्राफिक डिझाइन का काय म्हणतात, त्याला कुठं घालावं?" आई वही उघडून माझ्यापुढं सरकवते. त्यात गणपती असतो, शिवाजी महाराज असतात, एखाद्या नटाचा पेन्सिलीनं काढलेला चेहरा असतो, इंटरमिजिएटच्या सरावाचं स्थिरचित्र असतं. मूल मान खाली घालून बसलेलं असतं.

ही पुस्तिका त्या वहीसाठी आणि त्या प्रश्नासाठी तयार केली आहे. अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा, शुल्क, शिष्यवृत्ती यांची माहिती पुढच्या पानांवर आहे. ती दरवर्षी थोडी बदलते, त्यामुळे वाचकानं त्या त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेशी ती ताडून घ्यावी. प्रस्तावनेत मात्र मला सहसा न बदलणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. या विषयाचं शिक्षण निवडायचं कशावरून? इमारतीवरून, संगणकांच्या संख्येवरून की जाहिरातीतल्या पगाराच्या आकड्यांवरून? इतकी वर्षं शिकवल्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. सॉफ्टवेअर शिकवणारी जागा आणि डोळा घडवणारी जागा यांतला फरक ओळखायचा. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत हाताखाली येतं. डोळा तयार व्हायला चार वर्षं लागतात, आणि तीही नीट शिकवलं तर.

डोळा म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायचं झालं तर मी कीटकनाशकाची बाटली मागवतो. तिच्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग उतरत्या क्रमानं पिवळा, निळा आणि हिरवा. लाल रंगाच्या वर कवटी आणि हाडं. ज्याला एकही अक्षर वाचता येत नाही, त्याच्याही हाताला ही खूण थांबवते. कोणीतरी बसून विचार केला, चार रंग ठरवले, त्यांची जागा ठरवली, म्हणून हे घडतं. आता त्याच बाटलीबरोबर आलेला माहितीचा कागद उलगडा. मुंगीएवढ्या अक्षरांत अनेक भाषा कोंबलेल्या. किती पाण्यात किती औषध घालायचं, विषबाधा झाली तर काय करायचं, हे शोधायला भिंग लागतं. एकाच खोक्यात चांगलं डिझाइन आणि वाईट डिझाइन शेजारी शेजारी बसलेलं असतं. हे दाखवलं की वडील म्हणतात, "म्हणजे हे नुसतं चित्र काढणं नाही तर." तिथून बोलणं खरं सुरू होतं.

आपल्या जिल्ह्याला छापील अक्षराची ओळख नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरातून निघू लागलं. मराठी नियतकालिकांच्या अगदी सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट आहे, आणि ती मुंबई-पुण्यात घडलेली नाही. शहराचं आणि जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो. या नगरात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते, गल्लीबोळांत ट्रेडल मशिनं होती. दुकानाची पाटी, ट्रकचा मागचा फळा, पतसंस्थेचा बोर्ड रंगवणारे पेंटर होते. मग स्क्रीन प्रिंटिंग आलं, डीटीपी आलं, श्री-लिपी आणि कोरल ड्रॉ आलं आणि शेवटी फ्लेक्स आला. आज माळीवाड्यापासून दिल्ली गेटपर्यंत चालत गेलं तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे किती फलक लागतात ते मोजून पाहा. त्यातला प्रत्येक फलक कुठल्यातरी 'ऑपरेटर'नं रात्री जागून तयार केलेला असतो. ऑपरेटर हा शब्द मला खटकतो, पण तो खरा आहे. त्या मुलाला यंत्र चालवायला शिकवलं गेलं. कोणतं अक्षर कुठं आणि का, हे कोणी शिकवलंच नाही. चेहरे चाळीस, रंग बारा, आणि कार्यक्रमाची वेळ कुठं लिहिली आहे ते मोटारसायकल थांबवल्याशिवाय सापडत नाही. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याच्यात गुण होता म्हणून तर तो त्या खुर्चीवर बसला. त्याला वाट दाखवणारं कोणी भेटलं नाही.

मलाही भेटलं नव्हतं. माझी सुरुवात पेंटरच्या दुकानात झाली, उसाच्या गाड्यांवर कारखान्याचं नाव आणि नंबर लिहिण्यात. बारावीनंतर एका खासगी वर्गात मी वर्षभराचे पैसे भरले. 'डिप्लोमा' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. वर्ष संपल्यावर कळलं की त्या प्रमाणपत्राला कोणतंही विद्यापीठ किंवा मंडळ ओळखत नाही. त्या वर्षात मी टूलबारवरची बटणं पाठ केली. पुढच्या वर्षी खऱ्या कला महाविद्यालयात गेलो, तेव्हा पहिल्या महिन्यात आम्हाला फक्त 'अ' काढायला लावला. बोरूनं, ब्रशनं, कागद कापून, चौकोनात बसवून, काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा. मला राग आला होता. 'अ' तर मी बैलगाड्यांवर शेकडो वेळा काढला होता. पण महिनाअखेर सगळ्यांचे 'अ' भिंतीवर लावले, आणि माझ्या अक्षराची काडी कुठं जड होते, आतली पांढरी जागा कुठं गुदमरते, हे मला पहिल्यांदा दिसलं. गेलेल्या वर्षाच्या पैशांपेक्षा त्या वर्षाचं वाईट मला जास्त वाटतं. म्हणून येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी आधी मान्यतेचं विचारायला सांगतो. संस्था कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, कला संचालनालयाची किंवा शासनाची मान्यता आहे का, प्रमाणपत्रावर नाव कोणाचं येणार. हे तोंडी ऐकून घेऊ नका, कागद पाहा.

महाराष्ट्रात या विषयाला जुनं घर आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. तिथं १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, आणि जाहिरात, पोस्टर, वेष्टन, पुस्तकाचं मुखपृष्ठ या गोष्टी शिकवण्याजोग्या आहेत हे मान्य झालं. पुढं त्याचीच उपयोजित कला संस्था झाली. म्हणून आपल्याकडं अजूनही जुनी माणसं "कमर्शियल केलंय" असं म्हणतात, कागदावर 'उपयोजित कला' असतं आणि मुलं 'ग्राफिक डिझाइन' म्हणतात. गोष्ट बरीचशी एकच. या परंपरेत र. कृ. जोशी झाले. हा माणूस जे. जे.त शिकला, जाहिरात क्षेत्रात गाजला, आय. आय. टी. मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवू लागला. विंडोजवर मराठी टाइप करताना ज्या 'मंगल' फॉण्टमध्ये आपण वर्षानुवर्षं लिहिलं, तो त्यांचा. अच्युत पालव यांनी मोडीसारखी विस्मरणात गेलेली लिपी अभ्यासली आणि तिच्यातून आजचं सुलेखन उभं केलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं पाहून नाटक विनोदी की गंभीर हे वर्तमानपत्राच्या चौकटीतच कळायचं. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांसाठी लोक दिवाळी अंक विकत घेत. आणि ज्या रुपयाच्या चिन्हाला आपण आता सरावलो आहोत, ते २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. उदय कुमार यांनी केलेल्या त्या चिन्हात देवनागरी 'र' आहे आणि वर शिरोरेघ आहे.

ही नावं मी मिरवायला घेतली नाहीत. यांतल्या बहुतेकांचं काम आपल्या लिपीवर उभं आहे, हे मुलांच्या लक्षात यावं म्हणून घेतली.

आता वाटांबद्दल. बारावीनंतर चार वर्षांची ललित कलेची पदवी, म्हणजे बी. एफ. ए., त्यात उपयोजित कला हा विशेष विषय, ही राज्यातली सरळ वाट. बारावी कोणत्याही शाखेची चालते. त्यासाठी राज्याची कला प्रवेश परीक्षा असते आणि तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे भाग येतात. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मन लावून दिल्या आहेत, त्यांना यात परकं काही नाही. गावातल्या चित्रकला शिक्षकाचं ऋण इथं फेडलं जातं. दुःख एवढंच की अनेक शाळांत ही जागाच रिकामी आहे, आणि जिथं शिक्षक आहे तिथं चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. इंटरमिजिएटकडं दहावीच्या वाढीव गुणांसाठी पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्या परीक्षेत अक्षरलेखनही आहे, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

नगरकराला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय आणि पुण्यातलं भारतीय कला प्रसारिणी सभेचं अभिनव कला महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणं एसटीनं एका सकाळच्या प्रवासात गाठता येतात. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळं तिथल्या प्रवेशाची सूचना स्वतंत्रपणे पाहावी. अकोले तालुक्यातल्या मुलाला नाशिक जवळ पडतं, जामखेडच्या मुलीला बीड. क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आपला. त्यात 'जवळचं कॉलेज' याचा अर्थ चौदा तालुक्यांत चौदा प्रकारचा होतो. अंतराचा आणि वसतिगृहाचा विचार पालक करतात तो योग्यच आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत. पण केवळ जवळ आहे म्हणून चार वर्षं चुकीच्या ठिकाणी घालवणं फार महाग पडतं.

राष्ट्रीय पातळीच्या संस्थांबद्दल आपल्याकडं सगळ्यात कमी माहिती आहे, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथंच होतं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दाम्पत्यानं १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एन. आय. डी., उभी राहिली. आता भोपाळ, कुरुक्षेत्र, जोरहाट आणि आंध्र प्रदेश इथंही तिच्या नावाच्या संस्था आहेत. आय. आय. टी. मुंबईत डिझाइनची पदवी आहे आणि तिच्यासाठी यूसीड ही परीक्षा होते. तिच्यात संगणकावर सोडवायचा एक भाग आणि हातानं चित्र काढायचा दुसरा. या संस्थांच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे निघतात. आमच्याकडं मुलं येतात निकालानंतर. तोवर ती दारं त्या वर्षापुरती बंद झालेली असतात. पारनेर तालुक्यातल्या एका मुलीची वही मी पाहिली होती. एसटी स्टॅंडवर बसलेल्या माणसांची दोन-दोन मिनिटांत काढलेली चित्रं, शंभराच्या वर. प्रत्येकाच्या बसण्यात त्याचं वय आणि थकवा दिसत होता. अशी परीक्षा असते हे तिला जूनमध्ये कळलं. घरी वर्ष थांबायची सोय नव्हती. या पुस्तिकेतलं वेळापत्रकाचं पान मी सगळ्यात आधी करायला सांगितलं, ते तिच्यामुळं.

खासगी विद्यापीठांच्या डिझाइन शाळा पुण्यात बऱ्याच आहेत. त्यांतल्या काही उत्तम आहेत, शिकवणारे कसलेले आहेत, पण शुल्क वर्षाला लाखांत जातं. शेती गहाण ठेवून तिथं जावं का, असं मला विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. ठेवू नये. शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात शिकून, सुट्टीत चांगल्या छापखान्यात काम करून, मूल त्याच ठिकाणी पोहोचू शकतं. शिष्यवृत्त्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला आणि आपल्या प्रवेशाच्या प्रकाराला ती लागू होते का, हे प्रवेशाआधी कार्यालयात विचारून घ्यावं. प्रवेशानंतर विचारणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

आणि पदवी ही एकच वाट नाही. ज्याला लवकर कमवायचं आहे त्याला आयटीआयमध्ये डीटीपी ऑपरेटरचा एक वर्षाचा मान्यताप्राप्त व्यवसाय अभ्यासक्रम मिळू शकतो. ज्याला शाई, कागद आणि यंत्र यांत रस आहे, त्यानं मुद्रण तंत्रज्ञानाकडं पाहावं. त्या क्षेत्रात चित्र काढणारे फार थोडे असतात, म्हणून त्यांना किंमत आहे. ज्याला चित्रापेक्षा गोष्ट सांगायची ओढ आहे, त्यानं संज्ञापन अभ्यासाचा विचार करावा. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात हाच विषय शिकले, आणि 'पिस्तुल्या' हा लघुपट त्याच शिक्षणाचा भाग म्हणून झाला. चित्रकलेची वही घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाला ग्राफिक डिझाइनच करायचं असतं असं नाही. एखाद्याला चित्रकार व्हायचं असतं, आणि 'पोट भरेल' म्हणून घरचे त्याला इकडं ढकलत असतात. तसं असेल तर ते आधी बोलून घ्यावं.

आता कॉलेज पाहायचं कसं, याबद्दल मला थोडं आग्रहानं सांगायचं आहे. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत तिथं जा. संगणक कक्ष पाहू नका, तो सगळ्यांकडं सारखाच असतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या कामासमोर उभे राहा. तीस मुलांची तीस कामं एकाच हातातून आल्यासारखी दिसत असतील, तर तिथं शिक्षकाची नक्कल चालते. प्रत्येक काम वेगळं दिसत असेल आणि मुलाला "हे असं का केलंस?" असं विचारल्यावर तो सांगू शकत असेल, तर तिथं शिकवणं होतं. पुठ्ठा कापून, दुमडून केलेलं खोकं हातात घेऊन पाहा. रद्द केलेली कच्ची कामं दाखवा म्हणावं. चांगल्या विभागात ती जपून ठेवलेली असतात.

मग त्या भिंतीवर देवनागरी शोधा. माझ्यासाठी ही सर्वांत मोठी कसोटी आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजात, मराठी मुलांच्या कामात, सगळी पोस्टरं इंग्रजीत असतील, तर तिथं कितीही झकपक असलं तरी माझं मन धजत नाही. रोमन अक्षर एका ओळीवर उभं राहतं. आपलं अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. दोन ओळींत किती जागा सोडायची, ठळक अक्षरात 'क्ष' आणि 'ज्ञ' यांची पोटं बुजू नयेत म्हणून काय करायचं, हे इंग्रजी पुस्तकातून येत नाही. ते शिकवणारा शिक्षक असावा लागतो. मुंबईच्या एक टाइपनं 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे देवनागरी फॉण्ट सर्वांना मोफत खुले केले आहेत, म्हणजे साधनं नाहीत अशी तक्रारही आता उरलेली नाही. आजकाल पालक विचारतात, यंत्रच चित्रं काढायला लागलं, मग आमच्या पोराचं काय? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. कामाची रीत बदलते आहे आणि नुसत्या ऑपरेटरची जागा आधी जाईल. पण यंत्रानं केलेल्या पोस्टरवर मराठी जोडाक्षर बऱ्याचदा मोडलेलं असतं, आणि ते मोडलं आहे हे दिसणारा माणूस तिथं लागतो. उद्या यंत्राचं अक्षर सुधारेलही. तरी कीटकनाशकाच्या बाटलीवर आधी काय दिसायला हवं, हे ठरवणारा माणूस लागेलच.

शिकून परत यायला इथं काम आहे का, हा शेवटचा प्रश्न. आहे, फक्त त्याला अजून कोणी डिझाइन म्हणत नाही. शिर्डीत रोज मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ बोलणारी माणसं उतरतात आणि दर्शनरांग, लॉकर, बसस्थानक शोधत फिरतात. संगमनेर-राहात्याचं डाळिंब बाहेर जातं ते कोणत्या खोक्यातून? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं राखलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. त्या वाटेनं जाणारे बचत गट अकोले तालुक्यात आणि इतरत्र आहेत. त्यांच्या पाकिटावर काय लिहावं, कसं लिहावं, हे सांगणारी मुलगी त्याच तालुक्यातली असेल तर किती बरं. सुप्याच्या आणि नगरच्या एमआयडीसीत सुरक्षेच्या सूचना लागतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या कधी घ्यायच्या हे सांगणारे तक्ते लागतात.

पालकांना एक विनंती. या पुस्तिकेतली पानं वाचून झाली की लगेच अर्ज भरू नका. येत्या हिवाळ्यात एखाद्या दिवशी मुलाला किंवा मुलीला घेऊन सकाळच्या गाडीनं पुण्याला किंवा संभाजीनगरला जा. वही बरोबर ठेवा. तिथल्या शिक्षकांना ती दाखवा, मुलांशी बोला, भिंतीसमोर तासभर थांबा. संध्याकाळच्या गाडीनं परत येताना पोराला विचारा, काय आवडलं. त्यानं कॉलेजच्या इमारतीचं नाव घेतलं तर अजून एक कॉलेज पाहा. एखाद्या कामाबद्दल बोलायला लागला, तर अर्ज भरा.